लक्ष्मीदर्शन, झारीतले शुक्राचार्य आणि गप्प बसलेली सभा

माळरान

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहूनच टाकते.

वडील गेले त्याला पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील. दिवसकार्य उरकलं आणि महिन्याभराने आई, मी आणि धाकटा भाऊ सातबाऱ्यावर वारस नोंद करायला तालुक्याच्या गावी गेलो. साडेचार एकर कोरडवाहू जमीन. वाद नाही, चौथा वाटेकरी नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळं बरोबर होतं. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला तिथल्या एका माणसाने भावाला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "साहेबांना लक्ष्मीदर्शन घडवा, लगेच फेरफार धरतो."

आई मार्गशीर्षातल्या दर गुरुवारी घट मांडते. तिने ते ऐकलं. परतताना एसटीत खिडकीशी बसून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दर्शन आपण देवाचं घ्यायचं असतं. लक्ष्मी कुणाला दाखवायला न्यायची असते होय?"

आम्ही पाच हजार दिले. पंधरा दिवसांची नोटीस निघाली, मुदत संपल्यावर नोंद मंजूर झाली, सातबाऱ्यावर आईचं नाव आलं. तो उतारा मी फाईलला लावून ठेवलाय, पण हातात घेतला की आईचं नाव वाचायच्या आधी मला ते पाच हजार आठवतात.

तेव्हापासून एका गोष्टीने मला धरून ठेवलंय. लाचेला आपल्याकडे शब्द किती! चिरीमिरी, चहापाणी, वजन, हात ओले करणं हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला नैवेद्य, प्रसाद, दक्षिणा, मलिदा, लक्ष्मीदर्शन. ही दुसरी रांग सरळ देवघरातून उचललेली आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत 'लक्ष्मीदर्शन' या शब्दावरून निवडणूक आयोगाची नोटीससुद्धा निघाली होती, इतका तो सगळ्यांना कळतो. 'लाच द्या' म्हणताना मागणाऱ्याची जीभ अडखळली असती. 'लक्ष्मीदर्शन' म्हणताना ती अडखळली नाही, आणि आम्हालाही 'लाच दिली' असं स्वतःशी म्हणावं लागलं नाही. शब्दाने दोघांचीही सोय केली.

राजकारणाचं बोलतानाही आपण पुराणातच जातो. पोरासाठी पक्ष मोडणारा तो धृतराष्ट्र, फासे टाकणारा तो शकुनी, फाईल अडवणारे ते झारीतले शुक्राचार्य. सगळ्यांना भूमिका वाटून होतात. माझा प्रश्न असा की द्यूतसभेत शेकडो आसनं होती. दुर्योधन, दुःशासन, शकुनी, कर्ण सोडले तर उरलेल्या आसनांवर कोण बसलं होतं? मला वाटतं, मी त्यातल्या एका आसनावर बसले होते. तुम्हाला काय वाटतं?

पारावरचा

ताई, मनापासून लिहिलंत. आमच्याकडे निवडणुकीच्या आदल्या रात्रीला 'कत्तलची रात' म्हणतात. दार वाजतं, पाकीट येतं, घरात मतं किती ते विचारून तेवढी पाकिटं. ग्रामपंचायतीलासुद्धा. माझ्या वडिलांनी एकदा पाकीट परत केलं, तर दुसऱ्या दिवशी गावात बोलणं उठलं की हे फुटले, यांनी दुसऱ्याकडून जास्त घेतलं असणार. नको म्हणणाऱ्याला आपल्याकडे जागाच ठेवलेली नाही.

आणि ते पाकीट देणारा पाच वर्षांत रस्त्याच्या, गटाराच्या, शाळेच्या खोल्यांच्या बिलांतून ते वसूल करणार हे पारावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी घेतात. मला राग येतो तो याचा.

जमाखर्च

मी लेखा विभागातून निवृत्त झालो. दोन गोष्टी लिहितो, पहिली शुक्राचार्यांची, कारण त्यांच्यावर अन्याय होतोय.

वामन तीन पावलं जमीन मागायला आला. शुक्राचार्यांनी ओळखलं की हा बटू म्हणजे विष्णू, यजमानाचं सर्वस्व जाणार. त्यांनी बळीला सांगून पाहिलं, बळी दिल्या शब्दाला जागणारा, ऐकेना. उदक सोडायची वेळ आली तेव्हा ते सूक्ष्म रूप घेऊन झारीच्या तोटीत शिरले आणि पाणी अडवलं. वामनाने दर्भाच्या काडीने तोटी मोकळी केली, त्यात त्यांचा एक डोळा गेला. म्हणजे आपल्या धन्यासाठी त्यांनी डोळा घालवला. स्वतःसाठी दमडी मागितली नाही. फाईल अडवून बसणाऱ्याला हे नाव देणं म्हणजे त्या माणसाचा सन्मान आहे. तो तोटी अडवतो ती मोकळी करायचे पैसे मिळावेत म्हणून.

दुसरी गोष्ट भीष्मांची. युद्धाच्या तोंडावर धर्मराज पायी चालत शत्रूच्या सैन्यात भीष्मांचा आशीर्वाद घ्यायला जातो. तेव्हा भीष्म त्याला म्हणतात, 'अर्थस्य पुरुषो दासो दासस्त्वर्थो न कस्यचित्'. माणूस पैशाचा दास आहे, पैसा कुणाचाच दास नाही, आणि मी कौरवांच्या पैशाने बांधला गेलोय. मग द्रोण तेच म्हणतात, कृप तेच म्हणतात, शल्य तेच म्हणतात. चार थोर माणसं, चौघांच्या तोंडी तेच वाक्य. लहानपणी कीर्तनात हे ऐकलं तेव्हा वाटायचं, काय हा मोठेपणा, खाल्ल्या मिठाला जागले. नोकरीत तीस वर्षं काढल्यावर वाटायला लागलं की महाभारतकाराने इथे चौघांचाही कबुलीजबाब लिहून ठेवलाय.

मी स्वतः कधी पैसे घेतले नाहीत. हे मी बायकोला, मुलांना अभिमानाने सांगत आलो. पण बिलावर कुणाचे किती टक्के हे मला माहीत होतं. मोजमाप पुस्तकातली लांबी आणि प्रत्यक्षातला रस्ता जुळत नाही, हेही काही वेळा कळत होतं. कागद नियमात बसत होते, सही केली. माळरान ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: होय, मीही तिथेच बसलो होतो, आणि माझं आसन तुमच्यापेक्षा पुढे होतं.

पारावरचा

काका, हे इथे लिहायला हिंमत लागते.

वैनगंगा

मी थोडी असहमत आहे, स्पष्ट लिहिते.

पुराणात शिरलं की आपण सगळे नियती, कलियुग, धर्म सूक्ष्म आहे, इथे येऊन थांबतो. 'धर्माची गती सूक्ष्म' हे वाक्य भीष्मांनी नेमकं कधी म्हटलं? द्रौपदीने भर सभेत प्रश्न विचारला तेव्हा. तिचा प्रश्न अगदी रोखठोक, कायद्याचा होता: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की आधी मला हरला? आधी स्वतःला हरला असेल तर दुसऱ्याला पणाला लावायचा त्याला अधिकार उरतो का? या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर होतं. ते द्यायच्या ऐवजी राज्यातला सगळ्यात जाणता माणूस म्हणाला, विषय सूक्ष्म आहे. आजही तेच ऐकू येतं. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, चौकशी चालू आहे, योग्य वेळी बोलू.

दुसरं. पुराण एकच आहे असं धरून चालू नका. जमाखर्च काकांनी बळीची गोष्ट सांगितली ती वामनाच्या बाजूने लिहिलेल्या ग्रंथांतली. महात्मा फुल्यांनी १८७३ साली तीच गोष्ट उलटी वाचली: बळी हा रयतेचा न्यायी राजा आणि वामन त्याला कपटाने गाडणारा. आमच्या घरी पाडव्याला आजी ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणायची. तिने फुले वाचले नव्हते. वामनाचं राज्य येवो असं मात्र मी कुणाच्याच घरी ऐकलेलं नाही. शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो आणि त्याच बळीराजाला वारस नोंदीसाठी, मोजणीसाठी, पंचनाम्यासाठी पैसे मोजायला लावतो. मला पुराणातलं एवढं एकच पुरतं.

टिपकागद

वैनगंगा, द्रौपदीच्या प्रश्नाबद्दल पूर्ण सहमत. पण त्याच सभेत विकर्ण उभा राहिला हेही बघा. दुर्योधनाचा सख्खा भाऊ. तो आधी सगळ्या राजांना म्हणाला, या बाईच्या प्रश्नाचं उत्तर द्या. कुणी देईना, तेव्हा त्याने स्वतः सांगितलं की ती जिंकली गेलेली नाही. आणि मूळ कथेत असं आहे की हे ऐकून सभेत मोठा गलका झाला, लोकांनी विकर्णाची वाहवा केली, शकुनीची निंदा केली. म्हणजे सभेला कळत होतं! मग कर्ण चिडून बोलला, विकर्णाला पोरकट ठरवलं, आणि तो गलका विरला. मला या प्रसंगात सगळ्यात जास्त भीती त्या विरलेल्या गलक्याची वाटते.

आपल्या संसदेने एक खरा विकर्ण पाहिलाय. डिसेंबर १९५७. आयुर्विमा महामंडळ स्थापन होऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्या महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर विकत घेतले, सामान्य विमेदारांच्या पैशातून. हा विषय लोकसभेत लावून धरला फिरोज गांधींनी. सत्ताधारी पक्षाचे खासदार, त्यातून पंतप्रधानांचे जावई. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्याकडे आली. त्यांनी ती मुंबईत उघडपणे, लोकांसमोर चालवली आणि महिन्याच्या आत संपवली. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

प्रश्न उठल्यापासून राजीनाम्यापर्यंत दोन-तीन महिने. आणि प्रश्न विचारणाऱ्याला पक्षाबाहेर काढलं नाही. आज आपापल्या बाकावरून आपल्याच माणसांना असं विचारणारे किती उरलेत? पक्ष कुठलाही घ्या, मला फरक दिसत नाही.

अजून एक शब्द तुमच्या देवघराच्या यादीत घाला: गुप्तदान. २०१७ च्या अर्थसंकल्पात राजकीय पक्षांना देणगी द्यायच्या निवडणूक रोख्यांची घोषणा झाली, २०१८ मध्ये ते सुरू झाले. देणगीदाराचं नाव गुप्त राहणार म्हणून सांगितलं गेलं. धर्मात गुप्तदान मोठं, कारण घेणाऱ्यालाही देणारा कळू नये, त्याच्यावर उपकाराचं ओझं राहू नये. इथे घेणाऱ्याला कळायची सोय होती, कळत नव्हतं ते फक्त मत देणाऱ्याला. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ती योजना रद्द केली आणि मतदाराच्या माहितीच्या हक्काचंच कारण दिलं.

सह्यकडा

विकर्णाचं पुढे काय झालं तेही लिहा की. चौदाव्या दिवशी भीमाने त्याला मारलं. मारल्यावर भीमाला वाईट वाटलं, पण मारलंच. सभेत खरं बोलूनही तो शेवटी कौरवांच्याच बाजूने लढायला उभा राहिला. बाजू सोडून आला तो युयुत्सू, धृतराष्ट्राच्या पोरांत तोच वाचला.

पण आजचे विकर्ण बाजू सोडूनही वाचत नाहीत. सत्येंद्र दुबे, बिहारमधला तरुण अभियंता, सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार त्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्राने कळवला. नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. नाव फुटलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत गोळ्या घालून त्याला मारलं. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी, माहिती अधिकारात जमिनीचे व्यवहार बाहेर काढत होते, जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. अशा माणसांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, तो अजून अमलातच आणलेला नाही.

म्हणून ताईंनी पाच हजार दिले यासाठी मी त्यांना नावं ठेवणार नाही. ज्यांच्या घरी म्हातारी आई आहे आणि सातबारा अडकलाय, त्यांना शौर्य शिकवणारा मी कोण?

तारीख

वकिली करते, थोडं कोरडं पण कामाचं लिहिते. सह्यकडा यांची भीती खरी आहे, तरी दोन हजार, पाच हजाराच्या लाचेसाठी प्रत्येकाला जीवच धोक्यात घालावा लागतो असं नाही.

लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. पण जबरदस्तीने द्यावी लागली असेल आणि देणाऱ्याने सात दिवसांच्या आत तक्रार केली, तर तो गुन्हेगार ठरत नाही. त्याहून चांगलं म्हणजे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला सांगणं. टोल फ्री क्रमांक १०६४.

तिथे आधी मागणीची पडताळणी करतात: तुम्ही बोलायला जाता, सोबत पंच असतात, बोलणं रेकॉर्ड होतं. मग सापळा. नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावतात, ती डोळ्याला जाणवत नाही. पैसे घेतल्यावर त्या माणसाचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. ते पाणी बाटलीत सीलबंद करून पुराव्यात ठेवतात. तक्रारदार बहुतेक वेळा विचारतात की पुढे साक्ष द्यायला कितीदा यावं लागेल. यावं लागतं, हे खरं आहे, आणि खटले वर्षानुवर्षं चालतात हेही खरं. मात्र डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलंय की तक्रारदार वारला किंवा फितूर झाला तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध करता येते. पूर्वी तिथेच बरेच जण सुटत.

पारावरचा

सुटतात, आणि निलंबित झालेला पुन्हा रुजू होतो, तेही दुसऱ्या तालुक्यात. आमच्याकडे अशा माणसाला राहू म्हणतात. पंगतीत वेष बदलून बसला, सूर्य-चंद्रांनी ओळखलं, मुंडकं उडालं, पण तोवर अमृत गळ्यापर्यंत उतरलेलं होतं. आणि पुढे कायमचं ग्रहण लागलं ते सांगणाऱ्या सूर्य-चंद्रांनाच.

आवकजावक

मी सहसा इथे फक्त वाचतो. बावीस वर्षं एका सरकारी कचेरीत लिपिक आहे. आवक-जावक सांभाळतो. वरचं सगळं वाचलं, वाईटही वाटलं. आमच्यातले खातात, नाकारत नाही. पण सगळेच नाहीत, आणि जे खात नाहीत त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही.

माझे आजोबा पोथी लावायचे. सभापर्वातला एक माणूस ते नेहमी दोनदा सांगायचे. त्याला धड नावही नाही, हुद्दा तेवढा आहे: प्रातिकामी. दुर्योधनाचा निरोप्या, सूत. विदुराने द्रौपदीला आणायला नकार दिला, तेव्हा दुर्योधनाने याला पाठवलं. हा गेला. द्रौपदी म्हणाली, आधी सभेत जाऊन विचार, धर्मराज आधी कोणाला हरला? आता नोकर माणूस, धन्याचा हुकूम 'घेऊन ये' एवढाच. त्याने तिला ओढून आणलं नाही. परत आला आणि भरल्या सभेत तिचा प्रश्न जसाच्या तसा मांडला. दुर्योधन म्हणाला, तिलाच इथे येऊन विचारू दे. हा पुन्हा गेला, पुन्हा तिचा प्रश्न घेऊन आला. तिसऱ्यांदा हुकूम झाला तेव्हा तो जागचा हलला नाही. सभेलाच विचारू लागला, मी तिला काय सांगू? शेवटी दुर्योधन म्हणाला हा घाबरलाय, आणि दुःशासनाला पाठवलं.

भीष्म-द्रोणांना जे जमलं नाही ते त्याने त्याच्या हुद्द्यात बसेल एवढं केलं. बाईचा अर्ज दाबून न ठेवता वर पोचवला, दोनदा.

माझं काम तेच आहे. अर्ज आला की शिक्का, क्रमांक, तारीख, पोच. काही वेळा वरून सांगतात, यांचा अर्ज अजून नोंदवू नका, बघू. मी नोंदवतो. त्यासाठी दोनदा टेबल बदललं, एकदा लांब बदली झाली. आता पुन्हा आवक-जावकलाच आहे.

माळरान ताई, पुढच्या वेळी अर्ज कुणाच्या हातात देऊन येऊ नका. आवक शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्क्याची पोच मागून घ्या. २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. ज्या सेवा त्यात अधिसूचित आहेत त्यांची मुदत आणि जबाबदार अधिकारी कचेरीत फलकावर लिहिलेला असतो, नसेल तर विचारा. मुदत टळली तर पहिलं अपील, मग दुसरं, त्यावर आयोग. या सगळ्याची सुरुवात पोचेच्या तारखेपासून होते. पोच नसेल तर तुमचा अर्ज आलाच नव्हता असं म्हणता येतं. फिरवाफिरवी करणारा सगळ्यात जास्त त्या शिक्क्यालाच टाळतो, हे मी आत बसून पाहिलंय.

जमाखर्च

आवकजावक, हात जोडतो. लहानपणापासून इतकं महाभारत ऐकलं, पण प्रातिकामीकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

वैनगंगा

माझंही. असहमती थोडी मागे घेते. विदुर काय, प्रातिकामी काय, त्या सभेत जे धड वागले त्यांच्यातल्या दोघांना तरी कुळावरून खालीच बसवलेलं होतं, हे मात्र कुणी विसरू नका.

माळरान

सगळ्यांचे आभार. आवकजावक दादा, तुमचा प्रतिसाद मी काल रात्री आईला वाचून दाखवला. तिने प्रातिकामीचा भाग पुन्हा वाचायला लावला.

तेव्हा आमच्याकडे पोच नव्हती. चार खेपा मारल्या आणि अर्ज दिल्याचा एक कागद हातात नव्हता, हे मला आज पहिल्यांदा लक्षात आलं.

आत्याची पण वारस नोंद राहिली आहे, तिच्या सासरकडची, तीन गुंठे घरजागा आणि पाऊण एकर शेत. तिच्याकडून आठ हजार मागितलेत. शब्द तोच वापरलाय. ती पैसे घेऊनच निघाली होती, आईने फोन करून थांबवलं. तारीख ताई, तुम्ही दिलेला क्रमांक लिहून घेतलाय, आत्या आधी घाबरली, आता विचार करते म्हणाली. जबरदस्ती करणार नाही, निर्णय तिचा. पण अर्ज सोमवारी आम्ही तिघी जाऊन आवक शाखेतच देणार आहोत, दोन प्रतींत. आईने स्वतःहून सांगितलं की ती येणार.

पोच मिळाली की इथे लिहिते. नाही मिळाली तर तेही लिहिते.